तीन सिगार आणि दुभंगलेली अमेरिका

सप्टेंबर १८६२. अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलेलं. मेरीलँडमधल्या फ्रेडरिक गावाजवळ उत्तरेच्या सैनिकांना गवतात एक पाकीट सापडलं. आत सिगार होते तीन, पण त्यांना गुंडाळलेला कागद म्हणजे दक्षिणेच्या जनरल लीचा गुप्त आदेश क्रमांक १९१! चारच दिवसांनी अँटिएटमला लीची आगेकूच थांबली आणि पाठोपाठ राष्ट्राध्यक्ष लिंकनने गुलाममुक्तीची प्राथमिक घोषणा केली.

तो कागद हरवलाच नसता तर? हॅरी टर्टलडव्हने या ‘तर’वर कादंबऱ्यांची मालिका रचली. तिच्यात दक्षिण जिंकते आणि काही पिढ्या टिकतेही. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांना वाचवलं, तोच हा खेळ.

कादंबरीत राष्ट्र जगवणं सोपं. प्रत्यक्षात दक्षिण आतूनच पोखरलेली होती. जॉर्जियाचा गव्हर्नर जोसेफ ब्राऊन आपल्याच सरकारच्या सक्तीच्या लष्करभरतीला आडवा जात होता. एप्रिल १८६३ मध्ये राजधानी रिचमंडमध्ये उपाशी बायकांनी दुकानं फोडली. सुमारे ९० लाख लोकसंख्येत ३५ लाख गुलाम, आणि त्यांतले हजारो जण संधी मिळताच उत्तरेच्या छावण्या गाठत होते. असं राष्ट्र एक लढाई जिंकून किती तगलं असतं, शंकाच आहे.

सारी भिस्त होती कापसावर. पण युद्धात तो मिळेनासा होताच इंग्लंडच्या गिरण्यांनी इजिप्तकडे आणि मुंबईकडे मोर्चा वळवला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअर्सचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच प्रेमचंद रायचंदसारखे सटोडियेही कोसळले. दक्षिण १८६२ मध्येच जिंकती, तर हा फुगा बहुधा फुगलाच नसता.