जँगोच्या टेस्टमध्ये फिक्स्चर का रुसतं?

ब्राउझरमध्ये डेटा दिसतोय, पण टेस्ट चालवली की टेबल रिकामं. कारण जँगो टेस्टसाठी वेगळा डेटाबेस बनवतो. म्हणून टेस्टच्या क्लासमध्ये फिक्स्चर्सची यादी द्यायची. फाइल अ‍ॅपच्या फिक्स्चर्स फोल्डरमध्ये हवी आणि ते अ‍ॅप सेटिंग्जमध्ये नोंदलेलं हवं. फाइल सापडली नाही तर एरर स्पष्ट येतो, ते सोपं.

खरी डोकेदुखी म्हणजे इंटिग्रिटी एरर. अख्ख्या डेटाबेसचा डंपडेटा काढला की कंटेंट टाइप आणि परमिशनच्या ओळीही फाइलमध्ये येतात. टेस्ट डेटाबेसमध्ये मायग्रेशननंतर जँगोने त्या स्वतःच बनवलेल्या असतात, आणि आयडी वेगळे असू शकतात. मग टक्कर होणारच ना! डंप काढतानाच एक्सक्लूड लावून ही दोन्ही टेबलं वगळा. सोबत नॅचरल फॉरेनचा पर्याय लावा, म्हणजे त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या ओळी आयडीवर अडणार नाहीत.

अजून एक गंमत. फिक्स्चर लोड होताना मॉडेलमध्ये तुम्ही लिहिलेली सेव्ह मेथड चालतच नाही. तिथे स्लग बनवत असाल आणि फाइलमध्ये तो नसेल, तर टेस्टमध्येही मिळणार नाही. सिग्नल मात्र येतात, रॉ ट्रू घेऊन. अशा मॉडेलसाठी मी फिक्स्चरच्या नादी लागत नाही. सेटअप टेस्ट डेटामध्ये दोन-चार ऑब्जेक्ट हाताने बनवतो.