०.१, १ आणि १० सेकंद : डिझाइनला दोष देण्याआधी वेळ मोजा

ॲपवरच्या संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना रंग, मेनू, बटणांची जागा यांवर पानंच्या पानं भरतात. ॲप किती वेळात प्रतिसाद देतं, यावर मात्र बऱ्याचदा एक ओळही नसते. ती का हवी, ते आज बघू.

१९६८ साली रॉबर्ट मिलर यांनी प्रतिसादाच्या वेळेचा विचार मांडला. पुढे १९९३ मध्ये जेकब नील्सन यांनी तो तीन सोप्या मर्यादांत बसवला :

०.१ सेकंद – इतक्यात काही हललं तर ‘मीच केलं’ असं वाटतं.
१ सेकंद – उशीर जाणवतो, पण विचारांची साखळी तुटत नाही.
१० सेकंद – यापुढे माणूस दुसऱ्याच कामाला लागतो.

या मर्यादा यंत्राच्या नाहीत, आपल्या आकलनाच्या आणि लक्षाच्या आहेत. म्हणून फोन वेगवान झाले तरी त्या फारशा बदलत नाहीत.

डिझाइन यातूनच ठरतं. व्हॉट्सॲपवर नेटवर्क नसतानाही मेसेज लगेच दिसतो, शेजारी घड्याळाचं चिन्ह येतं. काम व्हायचंय, पण उत्तर मिळालं. पैसे भरायच्या स्क्रीनवर असं काहीच दिसलं नाही, तर माणूस बटण पुन्हा दाबतो. काम लांबणार असेल तर किती टक्के झालं ते दाखवा आणि ‘रद्द करा’ची सोय ठेवा.

आता तुमच्या प्रयोगाकडे या. समजा, डिझाइन ‘अ’ १ सेकंदात उघडतं आणि मोठ्या फोटोंमुळे ‘ब’ ४ सेकंदांत. लोक म्हणाले, ‘ब’ किचकट आहे. दोष मांडणीचा की थांबण्याचा? सांगता येणार नाही! म्हणून फोन आणि नेटवर्क एकच ठेवा, दोन्हींचा वेळ सारखा करा आणि मगच तुलना करा.

नुसती सरासरीही देऊ नका. २० पैकी १८ वेळा ०.५ सेकंद आणि २ वेळा १० सेकंद लागले, तर सरासरी येते १.४५ सेकंद. तेवढा वेळ प्रत्यक्षात एकदाही लागलेला नाही. मध्यक आणि ९५ वा शततमक दोन्ही द्या.

मोजायला महागडं साधन लागत नाही. दुसऱ्या फोनने ६० फ्रेमचा व्हिडिओ काढा आणि बोट टेकल्यापासून स्क्रीन बदलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद. प्रस्ताव पाठवण्याआधी एवढं नक्की करा.