सरावाने मेंदूत काय बदलते?

आपल्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा हे गाव आहे. तेथील अविनाश साबळे यांनी २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक हुकले ते अवघ्या ०.०५ सेकंदाने! या शर्यतीत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. अडथळे ९१.४ सेंटिमीटर उंच असतात. भर वेगात पाऊल कोठे टाकावे, याचा विचार करायला सवड नसते. साबळे हे कौशल्य शिकले ते सैन्यात गेल्यावर, म्हणजे मोठेपणी.

शिकले म्हणजे नेमके काय झाले? पायांचे स्नायू बळकट झाले, हे खरेच. परंतु स्नायूंना हुकूम सोडतो तो मेंदू. मग सरावाची नोंद तेथे कशी होते?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. चेतापेशीला झाडासारख्या फांद्या असतात; त्यांना वृक्षिका म्हणतात. पुष्कळ वृक्षिकांवर, बाभळीच्या फांदीवर असावेत तसे, सूक्ष्म काटे असतात. त्यांची लांबी मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढी. असा काटा म्हणजे दुसऱ्या चेतापेशीकडून संदेश घेण्याची जागा.

२००९ मध्ये कॅलिफोर्नियातील यी झुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना फटीतून पंजा घालून दाणा उचलायला शिकवले. शिकण्यापूर्वीचे व नंतरचे काटे त्यांनी द्विफोटॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले. या यंत्रात अवरक्त प्रकाशाचे दोन फोटॉन एकदम शोषले गेले, तरच पेशीतील चमकणारा पदार्थ उजळतो. असे केवळ केंद्रबिंदूपाशी घडते; म्हणून जिवंत मेंदूतील एकेक काटा स्पष्ट दिसतो.

काय दिसले? शिकवणीला सुरुवात झाल्यापासून तासाभरातच, पंजा हलवणाऱ्या भागात नवे काटे फुटले होते! सराव चालू राहिला तसे त्यांतील पुष्कळ काटे टिकले आणि काही जुने गळून गेले. म्हणजे काट्यांची नुसती भर पडत नाही, तर जोडणीच बदलते. शिकवणी थांबल्यावरही टिकलेले काटे काही महिने कायम होते. लहानपणी शिकलेली सायकल आपण सहसा का विसरत नाही, याचा काहीसा उलगडा येथे होतो.

न्यूयॉर्क विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. सरावानंतर झोपू दिलेल्या उंदरांत नवे काटे अधिक फुटले. जागे ठेवलेल्यांत कमी.

हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. पण आपल्याही चेतापेशींना असेच काटे असतात. तेव्हा एखादी मुलगी पहिल्या दिवशी दोरीवरच्या उड्या मारताना दहादा अडखळली, तर ‘तुला हे जमायचे नाही’ असे तिला म्हणू नका. तिला रात्री नीट झोपू द्या आणि उद्या पुन्हा दोरी हातात द्या. आज फुटलेला काटा टिकतो तो उद्याच्या सरावाने.