डोहातला मासा संपवू नका



मे महिना लागला. हिडकलचं पाणी मागं हटलंय, कडेचा गाळ उघडा पडलाय आणि मासा सगळा खोल डोहात गोळा झालाय. जाळं टाकलं की भरतंय. पण हीच वेळ जपायची आहे.

रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात, नवं पाणी वाहायला लागलं की अंडी घालतात. आत्ता त्यांच्या पोटात गाबोळी धरतेय. मोठ्या रोहूच्या एका मादीत लाखांनी अंडी असतात. गेल्या उन्हाळ्यात आपणच डोह झाडून काढले आणि दिवाळीला रिकामी जाळी ओढली. हे विसरून चालणार नाही.

म्हणून विनंती: सगळ्यात खोल डोह पहिला पाऊस होईपर्यंत सोडा. बारीक आसाचं जाळं नको. पोट फुगलेली मादी जिवंत असेल तर परत पाण्यात सोडा. चिलापी मात्र खुशाल धरा.

गावतळी घेतलेल्यांनी पहाटे चक्कर मारा. २० अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. त्यात रात्री शेवाळही तो ओढतं. मासा वर येऊन तोंड उघडत असेल तर खाद्य आणि शेण बंद करा, पंपानं पाणी उंचावरून पाडा.

धरलेला मासा लगेच बर्फात घाला, किलोला किलो बर्फ. कमी धरला तरी चांगला राहिला तर दर मिळतो.

आपलीच सोसायटी, आपलंच पाणी.