मॅक्स२३२ चिपमधील दोषशोधन

मॅक्स२३२ ही आरएस-२३२ या क्रमिक संदेशवहन मानकासाठी वापरली जाणारी ट्रान्सीव्हर चिप आहे. मॅक्सिम या अमेरिकन कंपनीने ती १९८७ मध्ये बाजारात आणली. पुढे इतर कंपन्याही तिचे उत्पादन करू लागल्या. मायक्रोकंट्रोलर आणि संगणकाचा सिरियल पोर्ट यांच्यातील संदेशवहन बंद पडले की पहिला संशय बहुधा याच चिपवर घेतला जातो. पुष्कळदा मात्र दोष तिच्याभोवतीचे कपॅसिटर, तारांची जोडणी किंवा बॉड दर यांत असतो. चिप सर्किट बोर्डवरून न काढता साध्या मल्टिमीटरने हे बऱ्याच अंशी ठरवता येते.

कार्यपद्धती

आरएस-२३२ मध्ये तर्क १ हा −३ ते −१५ व्होल्ट आणि तर्क ० हा +३ ते +१५ व्होल्ट या विद्युतदाबाने दर्शवला जातो. मायक्रोकंट्रोलरकडे मात्र ० आणि ५ व्होल्ट एवढेच उपलब्ध असतात. पूर्वी यासाठी बोर्डवर +१२ व −१२ व्होल्टचे स्वतंत्र पुरवठे द्यावे लागत. मॅक्स२३२ मधील चार्ज पंप ५ व्होल्टवरूनच सुमारे +१० आणि −१० व्होल्ट तयार करतो. भार असताना हे दाब ८ व्होल्टच्या आसपास उतरतात. त्यासाठी चार बाह्य कपॅसिटर लागतात. चिपमध्ये दोन प्रेषक व दोन ग्राही असून ते सर्व संकेत उलटा करतात. म्हणून मायक्रोकंट्रोलरकडून संदेश येत नसताना पिन ११ वर ५ व्होल्ट आणि पिन १४ वर सुमारे −८ व्होल्ट आढळणे ही निरोगी अवस्था होय.

चार्ज पंपाची तपासणी

मल्टिमीटरची काळी तार पिन १५, म्हणजे ग्राउंडवर ठेवून पिन १६, २ आणि ६ या क्रमाने दाब मोजावेत. पिन १६ वर ५ व्होल्ट नसतील तर पुढील मोजमापांना अर्थ नाही. पिन २ वर +८ ते +१० आणि पिन ६ वर −८ ते −१० व्होल्ट मिळाल्यास चार्ज पंप ठीक आहे, आणि दोष अन्यत्र शोधणे श्रेयस्कर.

पिन २ वर जेमतेम ५ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाब असल्यास दाब दुप्पट करणारा भाग चालत नाही. अशा वेळी पिन १ व ३ मधील कपॅसिटर पाहावा. पिन २ ठीक, पण पिन ६ शून्याजवळ असल्यास पिन ४ व ५ मधील किंवा पिन ६ वरील कपॅसिटर संशयास्पद ठरतो. पिन ६ वर दाब ऋण असल्याने तेथील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे धन टोक ग्राउंडला जोडावे लागते. सवयीने ऋण टोक ग्राउंडला जोडले जाणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

कपॅसिटरचे मूल्यही महत्त्वाचे असते. मूळ मॅक्स२३२ साठी १ मायक्रोफॅरड, तर मॅक्स२३२ए साठी ०.१ मायक्रोफॅरड पुरतो. मूळ चिपला ०.१ चे कपॅसिटर लावल्यास भाराविना दाब योग्य दिसू शकतो, मात्र केबल जोडताच तो कोसळू शकतो. त्यामुळे केबल जोडलेली असतानाही मोजमाप घ्यावे.

मॅक्स३२३२ या ३.३ व्होल्टवरही चालणाऱ्या चिपमध्ये हे दाब सुमारे ±५.५ व्होल्टच असतात. तिला मॅक्स२३२ समजून निकामी ठरवू नये.

परतजोडणी चाचणी

चार्ज पंप ठीक असल्यास मायक्रोकंट्रोलर वेगळा करून पिन ११ व १२ एकमेकांस जोडतात. संगणकावरील टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद ठेवून अक्षरे टंकावीत. तीच अक्षरे परत उमटली तर चिपचा तो प्रेषक, तो ग्राही आणि केबल हे तिन्ही निर्दोष ठरतात. परत काही आले नाही तर चिपला दोष देण्याआधी केबल पाहावी. नऊ पिनांच्या पोर्टमध्ये संगणक पिन ३ वरून पाठवतो व पिन २ वर घेतो. म्हणून चिपची पिन १४ पोर्टच्या २ ला, पिन १३ पोर्टच्या ३ ला आणि ग्राउंड ५ ला जोडलेले हवे.

ऑसिलोस्कोप नसल्यास मायक्रोकंट्रोलरकडून ‘यू’ हे इंग्रजी मोठे अक्षर सलग पाठवण्याची युक्ती उपयोगी पडते. या अक्षरात, प्रारंभ व समाप्ती बिट धरून, ० आणि १ आळीपाळीने येतात. त्यामुळे पिन १४ वर मल्टिमीटर शून्याजवळची सरासरी दाखवतो. दाब −८ व्होल्टवरच स्थिर राहिला तर पिन ११ पर्यंत संकेत पोहोचत नाही, अथवा प्रेषक निकामी आहे.

चुकीची अक्षरे

निरर्थक चिन्हे उमटणे हे चिप बिघडल्याचे लक्षण सहसा नसते. तेथे बॉड दर तपासावा. ८०५१ मायक्रोकंट्रोलरला १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावून नेहमीच्या मांडणीने ९६०० बॉड काढू पाहिल्यास प्रत्यक्षात सुमारे १०४१७ बॉड मिळतो. साडेआठ टक्क्यांची ही चूक संदेश बिघडवण्यास पुरेशी आहे. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा विचित्र वाटणारा क्रिस्टल प्रचारात आला तो याचसाठी.

चिप तापणे

भाराविना मॅक्स२३२ काही मिलिअँपिअर प्रवाह घेते, त्यामुळे ती हाताला गरम लागू नये. तापत असल्यास पुरवठा तत्काळ बंद करून उलटा लागलेला कपॅसिटर किंवा पिनांमधील शॉर्ट शोधावा. हे दोन्ही नसतील, तर चिप बदलण्यास पुरेसे कारण असते. या चिपच्या बनावट प्रतीही बाजारात आढळतात, आणि त्यांतील काही योग्य जोडणीतही तापतात. मूळ दोष दूर न करता नवी चिप बसवल्यास तीही त्याच कारणाने जळू शकते. म्हणून प्रयोगाच्या बोर्डवर चिप थेट न डाखता सॉकेटमध्ये बसवतात आणि रिकाम्या सॉकेटच्या पिन १६ व १५ मधील दाब आधी मोजून घेतात.