चालक नव्हे, परीक्षक

शर्यतीच्या दिवशी स्पर्धकाच्या हातात एक पेनड्राइव्ह असतो. त्यातलं मॉडेल गाडीत चढवायचं, गाडी पांढऱ्या पट्ट्यांमधल्या काळ्या ट्रॅकवर ठेवायची आणि बाजूला व्हायचं. पुढची काही मिनिटं फेऱ्या मारायचं काम गाडीचं. चारही चाकं पट्टीबाहेर गेली की कुणीतरी धावत जाऊन तिला उचलतं आणि परत ट्रॅकवर ठेवतं. स्पर्धक फार तर हातातल्या टॅब्लेटवरून एकूण वेग थोडा कमी-जास्त करतो. वळायचं कुठे आणि किती, हे गाडी ठरवते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, या मुलांनी केलं तरी काय? त्यांनी जे केलं ते आधीच करून झालेलं असतं, आणि ते गाडी चालवणं नसतं. गाडीला गुण कशासाठी मिळतील, हे त्यांनी ठरवलेलं असतं.

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड विभागाने, म्हणजे एडब्ल्यूएसने, नोव्हेंबर २०१८ मध्ये लास व्हेगासच्या आपल्या वार्षिक परिषदेत ‘डीपरेसर’ ही गाडी आणली. खऱ्या मोटारीच्या अठराव्या हिश्शाची, ३९९ डॉलर किमतीची. वर एक कॅमेरा, पोटात इंटेलचा छोटा प्रोसेसर, आणि दोन बॅटऱ्या: एक मोटरसाठी, एक संगणकासाठी. सुरुवातीला या शर्यतीत उतरले ते प्रामुख्याने नोकरी करणारे प्रोग्रॅमर. पुढे २०२२ पासून सोळा वर्षांवरच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी लीग सुरू झाली. तिला इंटेल आणि युडॅसिटी यांच्यासोबतच्या शिष्यवृत्तीची जोड होती, आणि दर विद्यार्थ्याला महिन्याला दहा तासांचं ट्रेनिंग फुकट होतं.

गाडीला दिसतं फारच थोडं. कॅमेऱ्याचं चित्र १६० गुणिले १२० ठिपक्यांइतकं बारीक आणि रंगहीन करून न्यूरल नेटवर्कला दिलं जातं. सेकंदाला साधारण पंधरा चित्रं. प्रत्येक चित्रावर एकच प्रश्न: चाकं किती अंशांत वळवू आणि वेग किती ठेवू? वळण डावी-उजवीकडे तीस अंशांपर्यंत, वेग सेकंदाला जास्तीत जास्त चार मीटर. आकडा किरकोळ वाटतो, पण अठरापट मोठ्या गाडीच्या हिशेबात तो ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर जातो. पाऊण मीटर रुंदीच्या ट्रॅकवर एवढ्या वेगात निर्णय चुकवायला फुरसतच नसते.

हे सगळं ती शिकते सिम्युलेटरमध्ये, आणि शिकण्याच्या पद्धतीचं नाव रीइन्फोर्समेंट लर्निंग. इथे गाडीला कुणी ‘असं वळ’ म्हणून दाखवत नाही. ती आधी वाटेल तशी चालते, धडपडते, ट्रॅकबाहेर जाते. दर पावलाला, म्हणजे दर चित्रामागच्या कृतीला, तिला गुण मिळतात. वीसेक प्रयत्न झाले की नेटवर्क हिशेब करतं: कोणत्या चित्रावर कोणती कृती केल्याने पुढे जास्त गुण आले? त्या कृतीची शक्यता थोडी वाढवायची, बाकीच्यांची थोडी घटवायची. ‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा. २०१७ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी मांडलेली पीपीओ ही पद्धत यासाठीच वापरली जाते. एका खेपेत स्वभाव फार बदलू द्यायचा नाही, नाहीतर काल शिकलेलं आज विसरलं जातं.

नेटवर्क तयार मिळतं, सिम्युलेटर तयार मिळतो. विद्यार्थ्याला लिहायचं असतं ते फक्त गुण देणारं सूत्र, त्यांच्या भाषेत ‘रिवॉर्ड फंक्शन’. पायथॉनमध्ये दहा-पंधरा ओळींचं. गाडी मध्यरेषेपासून किती दूर आहे, वेग किती, चाकं किती वळलेली, चारही चाकं ट्रॅकवर आहेत का, फेरी किती टक्के झाली, पावलं किती पडली, ही माहिती हाताशी असते. ती वाचून एक आकडा परत द्यायचा. एवढंच.

या ‘एवढंच’मध्येच सगळी मेख आहे.

नवशिक्याला जे पहिलं नमुना-सूत्र मिळतं ते अगदी सज्जन आहे: मध्यरेषेच्या जवळ असलीस तर पूर्ण एक गुण, थोडी लांब गेलीस तर अर्धा, आणखी लांब तर दशांश, आणि बाहेर गेलीस तर जवळपास शून्य. यात खोट दिसत नाही. आता ट्रॅकची लांबी घ्या. २०१८ च्या मूळ ट्रॅकची लांबी १७.६ मीटर. सेकंदाला चार मीटरने निघालेली गाडी ४.४ सेकंदांत फेरी पुरी करेल. सेकंदाला पंधरा पावलं धरली तर ६६ पावलं, म्हणजे फार तर ६६ गुण. सेकंदाला एक मीटरने रमतगमत निघालेलीला लागतील १७.६ सेकंद, म्हणजे २६४ पावलं आणि २६४ गुण. फेरी संपली की हिशेब बंद. मग गाडीने घाई का करावी? ती आळशी नाही, तिचा हिशेब चोख आहे. शर्यतीसाठी बनवलेल्या सूत्राने गोगलगायीला पहिलं बक्षीस देऊ केलं होतं, आणि ते घ्यायला ती आली.

मग मुलं वेगाला गुण देऊ करतात. गाडी सुसाट निघते आणि पहिल्याच वळणावर बाहेर जाते, कारण सरळ पट्ट्यात मिळालेले गुण वळणावर गमावलेल्या गुणांपेक्षा जास्त भरतात. आणखी एक हमखास दिसणारा प्रकार म्हणजे नागमोडी चाल. मध्यरेषेभोवतीच्या अरुंद पट्ट्यात कुठेही असलं तरी पूर्ण गुण असतील, तर आत डावी-उजवीकडे डुलत राहण्यात गाडीचं काहीच जात नाही. यावर उतारा म्हणून चाकं पंधरा अंशांहून जास्त वळली की गुण वीस टक्क्यांनी कापणारं सूत्र आहे. पण वळणावर जास्त वळावंच लागतं, आणि तिथेही कात्री लागते. एक भोक बुजवलं की दुसरं दिसतं.

‘फेरी पूर्ण केलीस तरच गुण’ असं सोपं सूत्र का लिहू नये? कारण सुरुवातीला गाडीला दोन मीटरही धड जाता येत नाही. ती फेरी कधीच पूर्ण करणार नाही, म्हणजे गुण कधीच पाहणार नाही, म्हणजे शिकायला काही उरणारच नाही. मधल्या टप्प्यांना गुण द्यावेच लागतात, आणि मधले टप्पे आले की पळवाटा आल्या. मुरलेले स्पर्धक बहुधा फेरीचा पूर्ण झालेला टक्का भागिले पडलेली पावलं या गुणोत्तरावर येतात. कमी पावलांत जास्त अंतर गेलीस तर जास्त गुण. ते वाचायला साधं आहे. तिथवर पोचायला मात्र आधीची सगळी फजिती लागते.

ही फजिती विद्यार्थ्यांच्या अननुभवाची नाही, जाणत्यांचीही झालेली आहे. १९९८ मध्ये कोपनहेगनच्या दोन संशोधकांनी संगणकातल्या सायकलस्वाराला सायकल शिकवताना ठरवलं: मुक्कामाच्या दिशेने गेलास तर बक्षीस. उलट दिशेने गेल्यास दंड ठेवायचा राहून गेला. स्वार गोल गोल फिरू लागला. अर्ध्या चकरेत कमाई, उरलेल्या अर्ध्यात फुकट परतीचा प्रवास. पुढच्याच वर्षी अँड्र्यू एन्ग, दाइशी हरादा आणि स्टुअर्ट रसेल यांनी यावर गणिती उत्तर दिलं. जवळ जाण्याला जेवढे गुण, लांब जाण्याला नेमके तेवढेच वजा करा. मग चकरेची बेरीज शून्य येते आणि मूळ उद्दिष्ट बिघडत नाही. तरीही २०१६ मध्ये ओपनएआयला बोटींच्या शर्यतीच्या एका व्हिडिओ गेममध्ये हाच अनुभव आला. प्रोग्रॅमने शर्यत पूर्ण करायचं सोडून एका खाडीत घिरट्या घातल्या आणि तो पुन्हा पुन्हा उगवणारी तीच लक्ष्यं टिपत बसला. बोटीला आग लागत होती, ती इतरांवर आदळत होती, आणि गुण माणसांच्या सरासरीपेक्षा वीस टक्के जास्त होते.

आपल्याकडच्या वाचकाला हे फार समजावून सांगायची गरज नाही. पेपर काढणाऱ्याला जे तपासायचं असतं आणि गुण ज्याला मिळतात, त्यातल्या फटीवर आपल्या शहरांत इमारतीच्या इमारती उभ्या आहेत. ‘अपेक्षित’ पाठ करणाऱ्या मुलाला आपण दोष देतो. डीपरेसरवर महिनाभर घालवलेला विद्यार्थी तो देणार नाही. तो आधी प्रश्नपत्रिका मागेल. या स्पर्धेचं खरं शिक्षणमूल्य मला इथे दिसतं. पायथॉन काय, कुठेही शिकता येतं. आपण मागितलं तेच आपल्याला मिळालं आणि तरी ते नको होतं, हा अनुभव पंधरा ओळींत, एका संध्याकाळी, कुणालाही इजा न होता मिळणं दुर्मीळ आहे.

गुणांचं सूत्र हा वेगाचा अर्धा भाग; दुसरा अर्धा भाग भूमितीचा. शर्यतीतला चालक मध्यरेषा धरत नाही. बाहेरच्या कडेने वळणात शिरतो, आतली कड चाटून पुन्हा बाहेर पडतो. ही वाट संगणकाने काढण्यासाठी डीपरेसरच्या मंडळींत एक जुनी कृती वापरात आहे, ‘के-१९९९’. ती रेमी कुलोम या फ्रेंच संशोधकाने ‘रार्स’ नावाच्या संगणकी मोटारशर्यतीसाठी लिहिली होती. वाटेवरचा प्रत्येक ठिपका असा सरकवायचा की तिथली वक्रता शेजारच्या ठिपक्यांच्या वक्रतेच्या सरासरीइतकी होईल. हे पुन्हा पुन्हा केलं की वाट आपोआप गुळगुळीत होते. (हेच कुलोम पुढे ‘गो’ या पटावरच्या खेळाकडे वळले, आणि २००६ मध्ये त्यांनी मांडलेली माँटे कार्लो ट्री सर्च ही पद्धत ‘अल्फागो’ या गो खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या विजयामागच्या पायांपैकी एक ठरली.) मग सूत्रात मध्यरेषेच्या जागी ही वाट घालायची.

इथवर सगळं संगणकात. प्रत्यक्ष ट्रॅकवर गाडी उतरली की वेगळीच तारांबळ. सिम्युलेटरमध्ये ऊन नसतं. सभागृहात दिव्याची तिरीप गुळगुळीत ट्रॅकवर चकाकते आणि नेटवर्कला ती पांढरी पट्टी वाटू शकते. कडेला उभ्या प्रेक्षकांचे पाय त्याने कधी पाहिलेले नसतात. म्हणून ट्रॅकभोवती एकरंगी आडोसे लावायला सांगतात. सिम्युलेटरमधले सेकंदाला तीन मीटर म्हणजे तीनच मीटर. खऱ्या गाडीत ते मोटरला दिलेला जोर असतात, आणि भरलेल्या बॅटरीवर गाडी जास्त पळते. म्हणूनच ते टॅब्लेटवरचं वेगाचं बटण. एकाच ट्रॅकवर शंभर तास घोटलेलं मॉडेल इथे हमखास गडबडतं. त्याला रस्ता वाचता येत नसतो, तो एक रस्ता पाठ असतो. जाणकार म्हणूनच ट्रेनिंग थोडं आधी थांबवतात. थांबवायचं कधी, याचं सूत्र कुणाकडे नाही.

रस्त्यावरच्या मोटारी अशा शिकवत नाहीत, हेही सांगायला हवं. हजारदा रस्त्याबाहेर जाण्याची मुभा त्यांना कोण देणार? अपवाद म्हणून केंब्रिजच्या वेव्ह कंपनीने २०१८ मध्ये खऱ्या मोटारीवर हा प्रयोग केला. सूत्र एका ओळीचं: आत बसलेल्या चालकाला हस्तक्षेप करावा न लागता जितकं अंतर गेलीस तितके गुण. अर्ध्या तासाच्या आत गाडी एका छोट्या रस्त्यावर आपली लेन धरून चालू लागली. तो प्रयोगच राहिला, पण सूत्र मला आवडलं.

डीपरेसरपेक्षा वेगळ्या जातीची स्पर्धा म्हणजे ‘एफ-वन-टेन्थ’. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सुरू झालेली, दहाव्या हिश्शाच्या गाड्यांची. हल्ली ती ‘रोबोरेसर’ नावाने चालते. इथे कॅमेऱ्यापेक्षा लिडारवर भर. तो २७० अंशांत, सेकंदाला चाळीस वेळा, हजारावर किरण फेकून भिंतींची अंतरं मोजतो. विद्यार्थी नियम स्वतः लिहितात. सगळ्यांत सोपा नियम, समोरची सर्वांत मोठी मोकळी फट शोध आणि तिकडे वळ, आश्चर्य वाटेल इतका चालतो. दोन गाड्या एकाच वेळी ट्रॅकवर सोडतात, तेव्हा मात्र गंमत वाढते. समोरचा केव्हा कुठे वळेल, हे कोणत्याच नकाशात नसतं.

डीपरेसरची लीग २०२४ च्या हंगामानंतर बंद झाली. कंपनीने ती काढली होती ती आपला क्लाउड लोकांच्या अंगवळणी पडावा म्हणून, यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ट्रेनिंगचे तास विकत घ्यावे लागत, त्यामुळे खिसा जड असलेला स्पर्धक जास्त प्रयोग करू शके. त्या मानाने विद्यार्थ्यांचे मोजके दहा तास मला बरे वाटतात; बटण दाबण्याआधी कागदावर विचार करावाच लागे. गाडीचं सॉफ्टवेअर २०२१ मध्येच खुलं झालं होतं, आणि स्पर्धकांनीच जुळवलेली, आपल्या संगणकावर ट्रेनिंग लावता येईल अशी व्यवस्थाही आहे.

आज कुणाला सुरुवात करायची असेल तर गाडी घेण्याची घाई नको. एफ-वन-टेन्थच्या गाडीत तर एकटा लिडारच खिसा रिकामा करतो. तिचा सिम्युलेटर मात्र फुकट आहे, पायथॉनमध्ये आहे, आणि बऱ्यापैकी लॅपटॉपवर चालतो. सूत्र लिहा, ट्रेनिंग लावा, आणि सकाळी उठल्यावर गुणांचा आलेख बघण्याआधी व्हिडिओ बघा. आलेख बहुतेक वेळा चढताच असतो.