विक्रीगाडीच्या छताला बाक का येतो?

आज ना पापडाची कृती, ना कर्जाचा हिशोब. आज आम्ही लाकडाबद्दल बोलणार आहोत.

आमच्या गटाची एक विक्रीगाडी आहे. जुन्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर आम्हीच उभी केलेली, ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद. जीपच्या मागे जोडायची आणि आठवडी बाजार गाठायचा. गटाच्या अंतर्गत कर्जातून ती झाली आणि हप्ताही तिच्याच विक्रीतून जातो. पहिल्याच पावसाळ्यात तिचं छत मधोमध खोलगट झालं. पाणी साचलं, प्लायच्या सांध्यातून झिरपलं आणि पापडाची पाकिटं भिजली. बैठकीत पहिला प्रश्न निघाला, "लाकूड आणलं कुणी?" ज्या ताईंनी स्वस्त पडतं म्हणून आणलं होतं, त्या पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत.

मग सुतारकाकांना बोलावून छत उघडलं. तेव्हा कळलं की चुका तीन होत्या, आणि त्यातल्या दोन आपल्या सगळ्यांच्या.

पहिली चूक, लाकूड ओलं होतं. पट्ट्या निलगिरीच्या, नुकत्याच कापलेल्या. ओलं लाकूड वाळताना आक्रसतं, पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत ते जवळजवळ कमी होत नाही, रुंदीत होतं. त्यातही खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने ते जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं. या ओढाताणीत पट्टीला बाक येतो, कधी पीळही पडतो. शिवाय ओल्या पट्टीवर वजन ठेवलं, तर ती वाकते आणि तशीच वाळते.

दुसरी चूक, पट्ट्या चपट्या ठेवल्या. शाळेतली लाकडी फूटपट्टी दोन पुस्तकांवर ठेवून मध्ये बोटाने दाबा. चपटी ठेवली तर लगेच वाकते, कडेवर उभी धरली तर हलत नाही. आमच्या पट्ट्या २ इंच रुंद आणि १ इंच जाड. त्याच उभ्या लावल्या असत्या, तर वाकायला चौपट जोर लागला असता. तेवढ्याच लाकडात, तेवढ्याच पैशात!

तिसरी चूक, छत सपाट केलं. एवढ्या छतावर १ इंच पाणी साचलं तर ते जवळपास ५६ लिटर होतं, म्हणजे ५६ किलो. धान्याच्या पोत्याहून जास्त ओझं. जरा खड्डा पडला की पाणी साचतं, पाण्याच्या भाराने खड्डा वाढतो, मग आणखी पाणी साचतं.

आता दुरुस्ती. आधी वरचा पत्रा आणि प्लाय काढून पट्ट्या मोकळ्या केल्या. सावलीत, खाली-वर वारा खेळेल अशा, मध्ये चिपा घालून रचल्या. उन्हात टाकल्या असत्या तर तडकल्या असत्या. वाळल्या की नाही हे ओळखायला एक तुकडा दर आठवड्याला काट्यावर ठेवला. वजन उतरायचं थांबलं, तेव्हा लाकूड वाळलं असं धरलं.

मग प्रत्येक पट्टीच्या दोन टोकांना दोरा ताणून बाक मोजला. थोडा बाक असलेल्या पट्ट्या फुगीर बाजू वर करून उभ्या बसवल्या, म्हणजे भार आला की त्या सरळ होतात. जास्त बाकलेल्या पट्टीला तेवढ्याच लांबीची सरळ, वाळलेली पट्टी शेजारी लावली, मध्ये पाण्याला टिकणारा डिंक घातला आणि दर सहा इंचांवर स्क्रू मारला. पीळ पडलेल्या दोन पट्ट्या मात्र बदलल्या. पिळलेली पट्टी जोर लावून खिळ्याने सरळ करायला जाऊ नका. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी खिळा सैल होतो आणि ती पुन्हा फिरते. म्हणून गाडीला खिळ्यापेक्षा स्क्रू बरे, आणि आधी बारीक भोक पाडून घ्यावं, म्हणजे लाकूड चिरत नाही.

गिऱ्हाईक उभं राहतं ती बाजू २ इंचांनी उचलली, म्हणजे पाणी मागच्या बाजूला पडतं. पट्ट्यांना चारही बाजूंनी रंग दिला, टोकांना दोन हात जास्त, कारण लाकूड टोकाकडून सर्वात जास्त पाणी पितं. छताखाली जाळी लावून हवेला वाट ठेवली.

नवं लाकूड घेताना एवढं बघा: पट्टी डोळ्यासमोर धरून टोकापासून टोकापर्यंत नजर टाका, हातात जड आणि गार लागली तर ती ओली समजा. आणि लाकूड आणायला एकीला पाठवू नका, दोघी जा.

आमच्या त्या ताई परत आल्या आहेत. छत उघडलं त्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि तीनही चुका त्यांना सांगितल्या. आता लाकूड बघायला दोरा घेऊन त्याच पुढे असतात.

तुमच्या गाडीला, टपरीला, शेळ्यांच्या गोठ्याला लाकडी छत असेल, तर पाऊस यायच्या आधी एकदा दोरा लावून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.